विंडो ओढली की तबकडी हलते, काटे जुन्याच जागी: टीकिंटरमधल्या रिसाइझच्या भानगडी

त्रास साधारण असा असतो. पायथनच्या टीकिंटरमध्ये (विंडो आणि बटनं बनवायची लायब्ररी) कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या पाटीवर, काट्यांचं घड्याळ काढलंय, ३०० बाय ३०० च्या कॅनव्हासवर मस्त चालतंय, मग कोणीतरी विंडोचा कोपरा धरून ओढतं आणि तबकडी नवीन जागी जाते, आकडे पण सरकतात, काटे मात्र अजून जुन्याच १५०, १५० वर गरगर फिरतायत. एरर नाही, कन्सोल कोरा. किंवा दुसऱ्या कोणाचं उलटंच, विंडो जरा ओढली की अख्खं घड्याळ बटणाएवढं होऊन कोपऱ्यात जाऊन बसतं. तिसऱ्याची विंडो हात न लावता स्वतःच वाढत सुटते. चौथ्याचा कॅनव्हास हलायचं नावच घेत नाही.

ही वेगवेगळी दुखणी वाटतात पण मुळात दोनच गोष्टी आहेत आणि त्या एकमेकांत अडकलेल्या असतात म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एक, कॉन्फिगर इव्हेंट, म्हणजे आकार किंवा जागा बदलल्याची सूचना, नक्की कोणाकडून आणि किती वेळा येतो. दोन, एका हँडलरने (इव्हेंट आला की चालणाऱ्या फंक्शनने) मोजलेलं माप दुसऱ्या हँडलरपर्यंत पोचतं का. आधी यातलं कुठलं ते ठरवायचं, मगच कोडला हात लावायचा.

घड्याळाचंच उदाहरण धरू कारण त्यात तीन हँडलर आपोआप येतात. विंडो बदलली की चालणारं "मोजा", दर सेकंदाला आफ्टरने, म्हणजे ठराविक वेळानंतर फंक्शन चालवणाऱ्या सोयीने, चालणारं "टिक", आणि तबकडीवर क्लिक केलं की अलार्मचा काटा तिथे लावणारं "क्लिक". तिघांनाही केंद्र आणि त्रिज्या लागते. मोजतं एकच. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव सरळ देवनागरीत चालतं, "त्रिज्या" असं लिहिलं तरी काही तक्रार नाही, फक्त किबोर्ड सारखा बदलत बसायचा कंटाळा.)

सगळ्यात आधी हे बघा

मोजा फंक्शनची पहिली ओळ म्हणून एक प्रिंट टाका, इव्हेंटचं विजेट (बटन, लेबल, कॅनव्हास असा विंडोतला भाग), विड्थ आणि हाइट. बास. आणि प्रोग्राम कन्सोलमधून चालवा, डबलक्लिक करून नाही. टीकिंटरमध्ये हँडलरच्या आत एरर आली तर प्रोग्राम बंद पडत नाही, एरर कन्सोलवर छापली जाते आणि विंडो काही झालंच नाही अशी चालू राहते, त्यामुळे पायथनडब्ल्यूने कन्सोल न उघडता चालवत असाल तर तुम्हाला काहीच कळणार नाही. "एरर येत नाहीये" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना एरर येत असते, दिसत नसते.

आता विंडो ओढा आणि काय छापलं जातंय बघा.

काहीच छापलं जात नसेल तर कॅनव्हासला नवीन जागा मिळतच नाहीये, हँडलर बिचारा निर्दोष आहे. विजेट विंडोत बसवायला पॅक वापरला असेल तर फिल बोथ आणि एक्स्पांड ट्रू दोन्ही लागतात, नुसत्या फिलने उभं-आडवं दोन्ही ताणत नाही. ग्रिड असेल तर स्टिकीमध्ये चारही दिशा द्याच, पण जास्त लोक विसरतात ते वेट, रो आणि कॉलमचं वेट मुळात शून्य असतं आणि शून्य म्हणजे जास्तीच्या जागेतलं मला काही नको. आणि ते वेट कॅनव्हासवर नाही, त्याला धरणाऱ्या फ्रेमवर लावायचं असतं. फ्रेम एकात एक असतील तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीला हे बघावं लागतं, मधे एक जरी सुटली तरी खालचं सगळं अडतं.

दुसरी शक्यता, प्रिंट प्रोग्राम सुरू होताना, विंडो दिसायच्या आतच, एकदा उमटतो किंवा इव्हेंट मिळालाच नाही अशी टाइपएरर येते, तर बाइंड करताना, म्हणजे इव्हेंटला हँडलर जोडताना, मोजाच्या पुढे कंस टाकलाय. कंस टाकला की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि बाइंडच्या हातात नन (None, म्हणजे काहीच नाही) पडतं. आणखी एक म्हणजे त्याच विजेटवर त्याच इव्हेंटला दुसरीकडे कुठे बाइंड केलं असेल तर आधीचं पुसलं जातं, दोन्ही हवे असतील तर दुसऱ्या बाइंडला अ‍ॅड म्हणून प्लसचं चिन्ह द्यावं लागतं. प्रोजेक्ट दोघातिघांनी मिळून करताना हे हमखास होतं.

घड्याळ बटणाएवढं होतंय

इथे प्रिंटमध्ये वेगवेगळ्या विजेटची नावं दिसतील, ठिपका आणि उद्गारचिन्ह लावलेली, फ्रेम, बटन, लेबल, सगळे हजर. याचं कारण कॉन्फिगर कॅनव्हासवर न बांधता रूटवर, म्हणजे मुख्य विंडोवर, बांधलंय. टीके मध्ये (टीकिंटरच्या मागचं मूळ टूलकिट) प्रत्येक विजेटला बाइंडटॅग्जची यादी असते, त्यात स्वतः ते विजेट, मग त्याचा क्लास, मग ते ज्या टॉपलेव्हल विंडोत आहे ती विंडो आणि शेवटी "ऑल". तिसरी जागा बघा. रूटवर बांधलेला हँडलर रूटच्या पोटातल्या प्रत्येक विजेटच्या कॉन्फिगरलाही चालतो, आणि खाली पॅक केलेलं बटन विंडो ओढल्यावर जरा जरी सरकलं तरी त्याचा कॉन्फिगर येतो, कारण हा इव्हेंट नुसता आकाराचा नाही, जागा बदलली तरी येतो. मग इव्हेंटची विड्थ-हाइट बटनाची, घड्याळही बटनाच्या मापाचं. जो शेवटी आला त्याचं माप उरतं, म्हणून कधी नीट दिसतं कधी नाही आणि माणूस म्हणतो रँडम आहे. रँडम काही नाही त्यात.

उपाय सोपा, ज्याचं माप हवंय त्यावरच बांधा, म्हणजे कॅनव्हासवर. रूटवरच हवं असेल, म्हणजे विंडोचं माप सेव्ह करायचंय वगैरे, तर हँडलरच्या सुरुवातीलाच इव्हेंटचं विजेट रूट नसेल तर रिटर्न. मला विचाराल तर पहिलाच.

काटे जुन्या जागी: खरी गोम

आता प्रिंट बरोबर येतोय, कॅनव्हास ७०० बाय ४५० झालाय, म्हणजे केंद्र ३५०, २२५ वर आणि कडेला १० पिक्सेल सोडून त्रिज्या २१५. तबकडी तिथेच निघतेय. काटे तरी १५० वर. म्हणजे मोजा फंक्शनने बरोबर मोजलं, तबकडी त्यानेच काढली म्हणून ती बरोबर, पण टिकला कोणी सांगितलंच नाही.

कारण पायथनचा नियम. फंक्शनच्या आत कुठेही एखाद्या नावाला इक्वल टू करून काही दिलं की ते नाव त्या फंक्शनपुरतं लोकल होतं, वर त्याच नावाचं ग्लोबल असलं तरी. मोजा फंक्शनमध्ये त्रिज्या मोजली, ती लोकल झाली, फंक्शन संपलं, गेली. हातावर नंबर लिहून लगेच हात धुतल्यासारखं. टिक मात्र त्रिज्या नुसती वाचतं, देत नाही, म्हणून त्याला ग्लोबलवाली दिसते, जिच्यात सुरुवातीचे १४० अजून तसेच आहेत. दोघांचं आपापल्या परीने बरोबर, म्हणून एरर नाही.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या कारण यावरूनच लोक गोंधळतात. मोजामध्ये तुम्ही नुसतं नवीन मूल्य देताय तर सगळं गुपचूप चुकतं. पण त्याच फंक्शनमध्ये आधी वाचून मग देताय, समजा किती वेळा रिसाइझ झालं ते मोजायला प्लस इक्वल टू वन केलंत, तर लगेच अनबाउंडलोकलएरर येते, कारण नाव लोकल ठरलंय पण त्यात अजून काही नाही. पायथन ३.११ पासून तिचा मजकूर बदललाय, त्यामुळे जुनी उत्तरं शोधताना मजकूर जुळत नाही, एरर तीच आहे. म्हणजे एकाच चुकीची एक बाजू ओरडते आणि दुसरी गप्प बसते. गप्प बसणारी जास्त वाईट.

मग हँडलरने मूल्य रिटर्न केलं तर? नाही चालत. हँडलरला तुम्ही बोलावत नाही, मेनलूप, म्हणजे इव्हेंटची वाट बघणारा टीकिंटरचा फेरा, बोलावतो, आणि रिटर्न काय केलं ते तो टाकून देतो, "ब्रेक" ही स्ट्रिंग सोडली तर, आणि ती सुद्धा पुढचे बाइंडिंग थांबवण्यासाठी असते. म्हणून मूल्य कुठेतरी ठेवावंच लागतं.

कुठे ठेवायचं

ग्लोबल लिहून काम होतं. शिव्या खूप खातो ग्लोबल, पण पन्नास ओळींच्या प्रोग्रामला काही बिघडत नाही, फक्त मोजामध्ये केंद्राचे क्ष, य, त्रिज्या, रुंदी, उंची अशी पाच नावं ग्लोबलच्या ओळीत लिहायची आणि सहावं वाढवलं की तिथे टाकायला विसरायचं, हे ठरलेलं. फंक्शनच्या आत फंक्शन असेल तर ग्लोबल चालत नाही, तिथे नॉनलोकल लागतो, तो पायथन ३ मध्ये आला. आणि हे दोन्ही मोजामध्ये लिहायचे बरं का, टिकमध्ये नाही, जो लिहितो त्याला लागतात, जो वाचतो त्याला नाही. टिकमध्ये ग्लोबल टाकून "तरी होत नाही" म्हणणारे पुष्कळ.

त्यापेक्षा बरं म्हणजे एकच डबा करा, सिंपलनेमस्पेस किंवा साधी डिक्शनरी, नाव ठेवा "माप", आणि माप.त्रिज्या (डिक्शनरी असेल तर माप["त्रिज्या"]) असं त्याच्या आत लिहा. इथे ग्लोबल लागत नाही कारण "माप" या नावाला आपण नवीन काही देतच नाहीये, त्याच्या पोटातलं बदलतोय. बदल सगळ्यांना दिसतो. पण मोजामध्ये चुकून माप इक्वल टू नवीन डिक्शनरी असं केलंत की परत पहिले पाढे पंचावन्न.

प्रोग्राम दोनशे ओळींच्या पुढे चाललाय, बटनं आहेत, मेनू आहे, तर क्लास करा आणि सेल्फमध्ये ठेवा. बाइंडला सेल्फ.मोजा द्यायचं, कंसाशिवाय, झालं. क्लास केला म्हणून कोड आपोआप शहाणा होत नाही, सेल्फ.त्रिज्या लिहायच्या ऐवजी नुसतं त्रिज्या लिहिलं की तीच लोकलची कथा परत सुरू, एवढंच की शोधायला सोपं जातं.

दोन फाइली असतील तर आणखी एक खड्डा आहे. सेटिंग नावाच्या फाइलीत त्रिज्या ठेवली आणि दुसरीकडे "फ्रॉम सेटिंग इंपोर्ट त्रिज्या" केलं, तर इंपोर्ट झालं त्या क्षणाला जे मूल्य होतं तेच तुमच्याकडे आलं, नंतर पहिल्या फाइलीत कितीही बदला, इकडे जुनंच. तिथे नुसतं इंपोर्ट सेटिंग करून दर वेळी सेटिंग.त्रिज्या असं वाचायचं.

टीकिंटरचे स्वतःचे व्हेरिएबल, स्ट्रिंगव्हार, इंटव्हार पण आहेत, आणि लेबल किंवा एंट्रीला जोडायचं असेल तर तेच बरे, ट्रेसने बदल कळतो. घड्याळाच्या केंद्रासाठी मात्र मी नाही वापरणार, दर वेळी गेट आणि सेट कोण करत बसेल. त्यांच्यातला एक नेहमीचा घोळ म्हणजे दुसरी विंडो उघडायला परत टीके() बोलावणं. प्रत्येक टीके() म्हणजे मागे एक वेगळा टीसीएल इंटरप्रिटर, त्यामुळे पहिल्या विंडोचा स्ट्रिंगव्हार दुसऱ्या विंडोतल्या एंट्रीला जोडला तरी ती कोरीच, टाइप केलेलं पण पोचत नाही. दुसरी विंडो टॉपलेव्हलनेच उघडायची.

माझा एक नियम आहे आणि तो पाळला की यातलं अर्धं होतच नाही. मापात लिहिणार फक्त मोजा. टिक आणि क्लिक नुसतं वाचणार. क्लिकला अलार्मची वेळ लिहायची आहे ना, मग ती वेगळी ठेवायची आणि तिथे फक्त क्लिक लिहिणार, आणि लिहिताना कोन लिहायचा, पिक्सेल नाही. पिक्सेल ठेवले तर पुढच्या रिसाइझला अलार्मचा काटा परत जुन्या जागी. क्लिकचे क्ष आणि य मधून माप.केंद्र वजा करून एटॅन२ने कोन काढला की तो कुठल्याही आकाराला चालतो. टीकिंटर एकाच थ्रेडवर हँडलर एकामागून एक चालवतो म्हणून लॉक वगैरे लागत नाही, फक्त मोजाच्या आत अपडेट() बोलावू नका, त्याने मेनलूपमधले इव्हेंट मधेच घुसतात आणि मोजाच्या आत मोजा सुरू होतं.

कोपऱ्यातला पाव गोळा

प्रोग्राम सुरू झाल्या झाल्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गोलाचा छोटा तुकडा दिसतो, हे बघितलं असेल. विंडो अजून पडद्यावर यायच्या आधी विन्फो_विड्थ विचारलं की उत्तर १ येतं. एकचे निम्मे अर्धा, त्यातून १० वजा, त्रिज्या उणे साडेनऊ. क्रिएट_ओव्हलला उलटे कोपरे दिले तरी तो तक्रार न करता सरळ करून घेतो आणि साडेनऊ त्रिज्येचा गोल काढतो, ज्याचा पाव भागच कॅनव्हासमध्ये येतो. काही जण यावर अपडेट_आयडलटास्क्स बोलावून मग मोजतात, चालतं ते. पण त्याचीही गरज नाही, विंडो दिसताना पहिला कॉन्फिगर आपोआप येतोच, तबकडी तिथेच काढा. मापात सुरुवातीला नन ठेवा आणि काढणाऱ्या फंक्शनने नन दिसला की परत फिरायचं.

आकडे तबकडीबरोबर मोठे व्हावेत म्हणून फाँटचा आकार त्रिज्या भागिले ८ केला तर २१५ ला २६.८७५ येतात आणि टीके म्हणतं पूर्णांक हवा होता. इंट करा, आणि पुढे उणे चिन्ह लावा, कारण उणे आकडा म्हणजे पिक्सेल आणि अधिक म्हणजे पॉइंट, घड्याळाला पिक्सेलच बरे. कॅनव्हासचं स्केल वापरून एका ओळीत काम होईल असं वाटतं, पण स्केल फक्त कोऑर्डिनेट ताणतं, रेघेची जाडी आणि अक्षरं आहेत तेवढीच राहतात. त्यापेक्षा पुसून परत काढलेलं बरं. तबकडीला एक टॅग, काट्यांना दुसरा, टिकमध्ये फक्त काट्यांचा टॅग पुसायचा.

विंडो वाढतच सुटली

मोजाच्या आत कॅनव्हासला कॉन्फिग करून इव्हेंटचीच विड्थ-हाइट परत देताय ना? काढून टाका ती ओळ. कॅनव्हासला बाहेरून हायलाइटची पट्टी असते, ती इव्हेंटच्या मापात धरलेली असते पण विड्थ ऑप्शनमध्ये नसते. म्हणून आलेलं माप तसंच दिलं की कॅनव्हास पट्टीएवढी जास्त जागा मागतो, विंडो तेवढी वाढते, परत कॉन्फिगर, परत वाढ. गंमत म्हणजे एकदा हाताने विंडो ओढली की हे थांबतं, कारण मग माप युजरने ठरवलेलं धरलं जातं, आणि म्हणूनच हा बग कोणाला दाखवायला जावं तर दिसत नाही. हायलाइटथिकनेस शून्य केलं तरी वाढणं थांबतं, पण मुळात पॅक किंवा ग्रिड माप देतोय तर तुम्ही कशाला परत देताय.

ओढल्यावर हळू हळू जड होत जातं

यात दोन वेगळे रोग. पहिला, मोजाच्या शेवटी काटे लगेच दिसावेत म्हणून टिक() बोलावलंय. टिकच्या शेवटी आफ्टर १००० आहे, म्हणजे टिक स्वतःला परत बोलावतं. विंडो एकदा ओढताना कॉन्फिगर डझनांनी येतात, प्रत्येकाने एक नवीन टिक सुरू केलं आणि त्यातलं एकही कधी थांबत नाही. थोडा वेळ ओढाओढ केली की दर सेकंदाला शंभर वेळा काटे काढणं चाललेलं असतं. काटे काढायचं फंक्शन वेगळं करा, मोजा फक्त तेच बोलावेल, आफ्टर फक्त टिकमध्ये.

दुसरा, काढायचं कामच जड आहे, पिलो या फोटोंच्या लायब्ररीने मोठा फोटो रिसाइझ करताय किंवा हजारो बिंदूंचा ग्राफ आहे. तिथे प्रत्येक कॉन्फिगरला काम करायचं नाही, माप लिहून ठेवायचं आणि आफ्टरने १०० ते १५० मिलिसेकंदांनी काढायला सांगायचं, त्याआधी दुसरा कॉन्फिगर आला तर आधीचं आफ्टर_कॅन्सल. आफ्टरने दिलेला आयडी पण त्याच डब्यात ठेवायचा, लोकलमध्ये राहिला तर कॅन्सल कशाला करणार? विंडोजच्या मूळ एपीआयमध्ये ओढणं संपल्याचा वेगळा मेसेज येतो, विनफॉर्म्समध्ये रिसाइझएंड आहे, टीके मध्ये तसलं काही नाही म्हणून हा खटाटोप. पण साध्या घड्याळाला हे लावू नका, साठ रेघा आणि बारा आकडे काढायला काही वेळ लागत नाही, उगाच ओढताना तबकडी मागे राहते आणि मग झटक्याने येते, वाईट दिसतं ते.

फोटोचं अजून थोडं. दर वेळी मूळ फोटोवरूनच लहान-मोठा करायचा, आधी लहान केलेला परत मोठा केला की धुरकट होत जातो. फोटोइमेज लोकलमध्ये ठेवली तर फंक्शन संपताच पायथन ती फेकून देतो आणि कॅनव्हासवर जागा कोरी, म्हणून ती पण डब्यात. आणि जुन्या कोडमधलं फोटो रिसाइझचं अँटिअलायस पिलो १० पासून काढून टाकलंय, तिथे लँक्झोस लिहा.

राहिलं बंद करणं. विंडो बंद केल्यावर कन्सोलवर कधीकधी "इनव्हॅलिड कमांड नेम" असं काहीतरी येतं आणि पुढे टिकचं नाव असतं, म्हणजे विंडो गेली पण आफ्टरच्या रांगेत टिक उभंच होतं. रूटच्या प्रोटोकॉलमध्ये डब्ल्यूएम_डिलीट_विंडोला एक छोटं फंक्शन लावा, त्यात आधी टिकचा आणि फोटोचा असे दोन्ही आयडी कॅन्सल, मग डिस्ट्रॉय. टिकचा आयडी दर सेकंदाला बदलतो तेव्हा प्रत्येक टिकमध्ये तो डब्यात नव्याने लिहायला हवा, एकदाच सुरुवातीला लिहिलेला काही कामाचा नाही.